जाड दांडीआधी झिजलेले रबर पाहावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत मोटारींना बाहेरचे सुटे भाग बसवण्याच्या वाढत्या हौसेवर जो लेख आला, त्यात ‘वळणावर गाडी झुकत असेल तर जाड स्टॅबिलायझर बार बसवावा, गाडी रस्त्याला चिकटून चालते’ अशा अर्थाचे एक वाक्य होते. हे वाक्य अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्याचा अनुभव मी गेल्या पावसाळ्यात कन्नड घाटात घेतला असल्यामुळे, आणि आमच्या भागातली तरुण मुले हल्ली अलॉय चाकांबरोबर ही दांडीही मागू लागली असल्यामुळे, हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

हा भाग म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाची, इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवलेली एक दांडी. तिला कोणी अँटी-रोल बार म्हणते, कोणी स्वे बार. आमचे मिस्त्री नुसते ‘स्टॅबिलायझर’ म्हणतात. ती गाडीखाली आडवी असते, मध्ये दोन ठिकाणी रबरी बुशांमध्ये धरलेली असते आणि तिची दोन टोके लिंक रॉडने डाव्या व उजव्या चाकाच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. दोन्ही चाके एकदम वर गेली, जसे सरळ आडव्या गतिरोधकावर होते, तर दांडी बुशात नुसती फिरते आणि काहीच करत नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली असे झाले, जसे वळणावर गाडी एका अंगाला कलताना होते, तेव्हा मात्र तिला पीळ बसतो आणि तो पीळ सोडवण्याच्या धडपडीत ती गाडीला सरळ धरते. कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. कॅनडातील फ्रेडरिक्टन येथील स्टीफन कोलमन यांना तिचे पेटंट १९१९ मध्ये मिळाले. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढे अशी दांडी असते, आणि मागे दोन्ही चाकांना जोडणारा जो आडवा टॉर्शन बीम असतो तोच पीळ खाऊन मागच्या दांडीचे काम करतो.

जाडीचा परिणाम दिसतो त्यापेक्षा फार मोठा असतो, हे दुकानात कोणी सांगत नाही. भरीव दांडीचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. व्यास २० मिलिमीटरचा २२ मिलिमीटर केला, म्हणजे नजरेला जेमतेम जाणवेल एवढा वाढवला, की ताठपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. २४ मिलिमीटर केला तर तो दुपटीच्याही पुढे जातो. त्यामुळे ‘चार मिलिमीटरने काय होते’ हा प्रश्न या दांडीच्या बाबतीत चालत नाही.

आता माझी गोष्ट. माझी गाडी सहा वर्षे जुनी, साधी हॅचबॅक आहे आणि कामानिमित्त महिन्यातून दोन-तीनदा अमळनेरहून चाळीसगाव, कन्नड असे करत छत्रपती संभाजीनगरला जावे लागते. वर्ष-दीड वर्षापासून ती वळणावर पूर्वीपेक्षा जास्त कलते असे वाटत होते, आणि मागे बसलेल्या आईला घाटात हटकून मळमळत असे. एका दुकानदाराने मला मागच्या टॉर्शन बीमला बोल्टने आवळायची एक जाड दांडी दाखवली आणि तासाभरात बसवूनही दिली. पुढची दांडी कशी आहे, टायर कसे आहेत, गाडी कुठे चालते, यांतले काहीही त्याने विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही सांगितले नाही.

कोरड्या रस्त्यावर फरक मोठा होता. मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याजवळ लळिंगच्या घाटात गाडी इतकी ताठ वळली की मी दोन-चार जणांना ती दांडी बसवून घेण्याचा सल्लाही देऊन टाकला. जूनमधल्या पहिल्या पावसात कन्नडहून चाळीसगावकडे उतरताना एका डाव्या वळणावर समोरून एक पिकअप आली आणि मी दचकून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला. पुढची चाके वळत राहिली. गाडीचा मागचा भाग मात्र उजवीकडे, म्हणजे त्या पिकअपच्याच बाजूला, सरकत गेला. स्टिअरिंग उलट फिरवून गाडी सावरली, असे म्हणतो खरा, पण त्यात कौशल्य किती आणि पिकअपवाल्याने बाजूला घेतलेली दीड हात जागा किती, याचा हिशेब मी स्वतःशी पुष्कळ वेळा केला आहे.

दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. नवी दांडी पाहून ते काहीच बोलले नाहीत. गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेऊन त्यांनी पुढच्या दांडीच्या बुशापाशी टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घातली आणि हलकेच दाबली. दांडी ब्रॅकेटच्या आत खडखड वाजत वर-खाली झाली. ‘भाऊ, आधी रबर दखा, मंग दांडीनं दखसूत,’ एवढेच ते म्हणाले आणि दोन बोल्ट सोडून त्यांनी ते रबर माझ्या तळहातावर ठेवले. नवे असताना ज्या रबराचे भोक गोल असते आणि दांडीला घट्ट कवटाळून बसते, ते भोक लांबट, अंड्याच्या आकाराचे झाले होते, वरच्या बाजूला नखभर चीर गेली होती आणि रबर बोटाने दाबले तरी दबत नव्हते. डाव्या लिंक रॉडच्या बॉल जॉइंटवरची रबरी टोपी फाटून आत काळी माती भरली होती. तिथले ग्रीस केव्हाच संपले होते आणि तो जॉइंट हाताने गदागदा हलत होता.

त्या दोन रबरांनी सगळा उलगडा केला. गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलत होती, ती कंपनीने दिलेली दांडी अपुरी होती म्हणून नव्हे. पुढची दांडी आपले काम सुरू करण्याआधी काही मिलिमीटर रिकामीच हलत होती म्हणून. अशा गाडीला मी मागे जास्तीची दांडी लावली. पुढचा ताठपणा झिजून कमी झालेला आणि मागचा पैसे देऊन वाढवलेला, असा दुहेरी बिघाड मी स्वतः करून घेतला होता. त्यात आणखी एक चूक माझीच. आपल्याकडे प्रचलित असलेल्या समजुतीप्रमाणे नव्या टायरांची जोडी मी पुढे टाकली होती आणि निम्मे झिजलेले टायर मागे. नवी जोडी मागे घालावी असे टायर बनवणाऱ्या कंपन्या सांगतात, त्याचे कारण हेच: ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर चालकाला स्टिअरिंगमध्ये ते कळते आणि वेग कमी करायला क्षणभर मिळतो, मागची चाके घसरली तर तेवढीही सवड मिळत नाही.

मागची दांडी ताठ केल्याने मागची पकड कमी का व्हावी, हे पहिल्यांदा ऐकताना उलटे वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वळणावर आतल्या चाकांवरचे वजन बाहेरच्या चाकांवर जाते. एकूण किती वजन सरकेल हे गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधली रुंदी आणि वळणाचा जोर यांवर ठरते. जाड दांडी ते कमी करत नाही. दांडी दोनच गोष्टी करते. एक म्हणजे गाडीचा कल कमी करते, आणि दुसरी म्हणजे त्या सरकणाऱ्या वजनातला किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या, हे बदलते. मागे जाड दांडी घातली की मागच्या जोडीचा वाटा वाढतो, म्हणजे मागच्या बाहेरच्या टायरवर जास्त भार येतो आणि आतला हलका होतो. टायरचा स्वभाव असा की भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही. बैलजोडीतल्या एकाला मोकळे सोडून सगळे ओझे दुसऱ्यावर टाकले तर तो एकटा दोघांइतके ओढत नाही, तसेच हे आहे. बाहेरच्या टायरने जे मिळवले त्यापेक्षा आतल्याने गमावले जास्त, म्हणून मागच्या जोडीची एकूण पकड घटते. त्यातच पाय एकदम उचलल्यावर गाडीचे वजन पुढे झेपावते आणि आधीच ओढाताणीत असलेली मागची चाके आणखी हलकी होतात. ओल्या डांबरावर मग ती सुटतात.

पुढची दांडी जाड केली तर याच्या उलट होते. गाडी वळणात नाक बाहेर काढू लागते आणि हवी तितकी वळत नाही. हौशी चालकाला ते कंटाळवाणे वाटते, पण सामान्य चालकाला सावरायला ते सोपे असते, आणि म्हणूनच कारखान्यातून निघणाऱ्या गाड्या बहुधा त्या अंगाला थोड्या झुकलेल्या ठेवलेल्या असतात. शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी नेणारा माणूस हा तोल मुद्दाम मागे सरकवतो, कारण त्याला रस्ता माहीत असतो, टायर ताजे असतात आणि समोरून पिकअप येत नसते. जाड दांड्या वाईट असतात असे माझे म्हणणे नाही. चांगल्या रस्त्यावर चालणाऱ्या उंच गाडीला, पुढचा-मागचा हिशेब धरून बसवलेली, किंचित जाड दांडी उपयोगी पडते. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांना कंपनीनेच वेगवेगळ्या व्यासाच्या दांड्या दिलेल्या अनेकदा आढळतात. बदल करायचाच तर आधी तिथे पाहावे, कारण ती जोडी कोणीतरी तपासलेली असते.

आमच्या रस्त्यांचा विचार केला तर मात्र माझे मत अधिक सावध होते. खान्देशची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आटते, भेगाळते. तिच्यावरचा रस्ता लाटांसारखा होतो आणि कडेला साइडपट्टी खचते. चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर या पट्ट्यात केळीने भरलेला ट्रक समोरून आला की लहान गाडीला डावी दोन चाके पट्टीवर उतरवावीच लागतात. अशा वेळी एक बाजू खाली जाते आणि दुसरी रस्त्यावर राहते, आणि नेमक्या याच प्रसंगी जाड दांडी आडवी येते. एका चाकाचा धक्का ती दुसऱ्याकडे पोचवते, गाडी डावी-उजवीकडे डुलते आणि आत बसलेल्यांच्या माना दोन्हीकडे फेकल्या जातात. ज्या आईच्या मळमळीसाठी मी हा खटाटोप केला, तिने घाटातल्या वळणांबद्दल तक्रार करणे सोडले आणि अमळनेर-पारोळा रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल सुरू केली. रबराचेही तसेच. जळगाव, भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तापलेल्या डांबरावरून येणारी धग आणि धूळ यांत बुशांचे रबर लवकर कडक होते आणि तडकते. म्हणून इतर कोठे चालेल ते आपल्याकडे तसेच चालेल असे धरू नये.

वेगाचा हिशेब तर कोणीच मांडत नाही. वळणावरचा बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. एखादे वळण ताशी ५० किलोमीटरऐवजी ४० ने घेतले तर तो जोर ३६ टक्क्यांनी कमी होतो, आणि गाडीचा कलही जवळजवळ त्याच प्रमाणात. आता दांडीचे पाहा. गाडीला कलू न देण्याचे काम स्प्रिंग आणि दांड्या मिळून करतात. समजा, त्यात दांड्यांचा वाटा शंभरात चाळीस आहे. सगळ्याच दांड्यांचा ताठपणा ४६ टक्क्यांनी वाढवला तरी शंभराचे साधारण एकशे साडेअठरा होतात, म्हणजे कल १६ टक्क्यांच्या आसपास कमी होतो. एवढ्यासाठी हजारो रुपये. दहा किलोमीटरने कमी केलेला वेग त्याच्या दुपटीहून जास्त काम फुकट करतो, आणि टायरवरचा भारही खरोखर कमी करतो, जे दांडीला जमत नाही.

टपावरच्या कॅरिअरबद्दलही एक वाक्य लिहितो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी परतताना पापड, शेवया, कुरडयांचे डबे आणि गहू-डाळीची पोती टपावर बांधली जातात. त्या चाळीस-पन्नास किलोंनी गुरुत्वमध्य वर जातो आणि गाडी जास्त कलते. तेच सामान डिकीत आणि पायांपाशी खाली ठेवले तर कोणतीही दांडी न बदलता गाडी सुधारते.

कायद्याचा मुद्दा आपल्या लेखात सुटला होता, तोही नोंदवतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. दांडीचा व्यास नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेला नसतो, म्हणून दुकानदार ‘आरटीओचा काही संबंध नाही’ असे ठासून सांगतात. परंतु २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १८२अ सुटे भाग बाहेरून बसवून केलेल्या, नियमांत न बसणाऱ्या बदलांबद्दलही बोलते. त्यात मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विमा कंपनीला न कळवता बदल केला आणि पुढे अपघात झाला, तर भरपाईच्या वेळी सर्व्हेअरचे पहिले बोट त्याच बदलाकडे जाईल, हे वेगळेच. एमएच १८, १९ आणि ३९ (धुळे, जळगाव आणि नंदुरबार) या तिन्ही नोंदणी कार्यालयांनी सस्पेन्शनचे कोणते भाग बदलता येतात याचा एक साधा मराठी फलक दर्शनी भागात लावला, तर गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघांचाही घोळ मिटेल.

शेवटी मी काय केले तेही सांगतो. मागची जादा दांडी काढली. पुढचे दोन बुश आणि दोन्ही लिंक रॉड कंपनीच्याच मापाचे नवे घातले, ज्याचा खर्च त्या दांडीच्या निम्म्यानेही झाला नाही. मिस्त्रींनी एक काळजी घेतली, ती गाडीवाल्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे: लिंक रॉडच्या नटांचा शेवटचा आवळा त्यांनी चाके हवेत लोंबत असताना दिला नाही, गाडी खाली, चारही चाकांवर सपाट जागी उभी राहिल्यावर दिला, म्हणजे दांडीत आधीपासून पीळ राहत नाही. पॉलियुरेथेनचे कडक बुश घालण्याचा माझा आग्रह त्यांनी मोडून काढला. त्या बुशांना अधूनमधून सिलिकॉनचे ग्रीस लागते, नाहीतर ते करकर वाजतात, आणि साधे ग्रीस मूळच्या रबराला लावले तर रबर फुगून खराब होते. मग चांगले टायर मागे घेतले आणि हवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत लिहिल्याप्रमाणे भरली. गाडी आता नवी असताना कलत होती तेवढीच कलते. आईला घाटात अजून थोडे मळमळते, पण मी चाळिसाने चालवतो तेव्हा नाही.

गाडी कलते अशी शंका असलेल्या वाचकाला घरीही एक तपासणी करता येते. खिडक्या खाली करून, गाणी बंद ठेवून, एकच बाजू खड्ड्यात जाईल अशा रस्त्यावर गाडी अगदी सावकाश चालवावी. पुढून ‘कट कट’ असा आवाज आला आणि दोन्ही चाके एकदम जाणाऱ्या सरळ गतिरोधकावर तो आला नाही, तर बहुधा लिंक रॉड किंवा स्टॅबिलायझरचे बुश गेलेले असतात. ते दुरुस्त झाल्यावर पंधरा दिवस गाडी चालवावी आणि मगच जाड दांडीचा विचार करावा.

आपल्या पुरवणीला माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशा भागांविषयी लिहिताना तो गाडीच्या पुढे बसतो की मागे, मूळ व्यास किती आणि नवा किती, हे लेखकाने अवश्य लिहावे. दुकानदारांकडूनही बिलावर हेच तपशील मागितले पाहिजेत. मी काढलेली दांडी परत द्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने वापरलेला माल घेत नाही असे सांगितले, ते एकवेळ ठीक. पण ती नेमकी किती मिलिमीटरची आणि कोणत्या गाडीसाठी केलेली, हे पाहायला मी बिल उघडले, तर त्यावर ‘गाडीचे सामान, १ नग’ एवढेच लिहिले होते.

आपला नम्र,
एक वाहनचालक वाचक
अमळनेर, जि. जळगाव